‘बाधलं’चा रकाना

आमच्या रत्नागिरीत एप्रिल-मे महिन्यात कुणाचं पोट बिघडत नाही, बाधतं. आंबा बाधतो, काजूची बोंडं बाधतात, आणि सगळ्यात जास्त फणस बाधतो. जे बाधलं तो आजार नव्हे. त्याला डॉक्टर लागत नाही. आमसुलाचं सार लागतं, सुंठेचा तुकडा लागतो आणि "सांगितलं होतं ना, एवढे गरे गिळू नकोस" असं दोन-तीनदा ऐकवणारं घरातलं कुणीतरी लागतं. मी इथलीच, मलाही लहानपणी दर मे महिन्यात फणस बाधलेला आहे. म्हणूनच की काय, आजार शोधण्याच्या कामात इतकी वर्षं काढूनही या शब्दाकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. ज्यांचं गेलं त्या बाईंबद्दल मला लिहायचं आहे.

मी भाट्याच्या पुलापलीकडे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळेत काम करते. रक्ताचे, थुंकीचे, शौचाचे नमुने येतात. ते काचेवर घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, काही सापडलं तर लिहायचं, नाही तर निरंक. निरंक हा आमच्या सरकारी जगातला सगळ्यांचा लाडका शब्द. काही आढळलं नाही की निरंक, आणि निरंक लिहिलं की वरून फोन येत नाही. स्वभावाने मी फटकळ. कामात कुणी मध्ये आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जशी वागले त्यात मला काही लपवायचं नाही.

बाई आमच्या केंद्राखालच्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होत्या. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. वाडी-वस्तीवर पायी फिरायचं, ताप आहे का, जुलाब आहेत का, कावीळ आहे का ते घरोघर विचारायचं आणि दर आठवड्याला त्याचा अहवाल पाठवायचा, हे त्यांचं काम. याला कागदोपत्री सर्वेक्षण म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण असतं काय, तर चपला झिजवणं आणि लोकांची तीच तीच उत्तरं पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकून घेणं. मला ते दोन दिवस जमलं नसतं. बाईंनी तीस-एक वर्षं केलं.

त्यांची एक पद्धत होती. वरच्या डांबरी रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि वाडी वरून खाली उतरत यायची. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर, एकही न गाळता. आणि त्याच क्रमाने वहीत लिहायचं. माहिती भरायला मोबाईलवर ॲप आलं होतं, तरी त्यांची वही सुटली नव्हती. आम्ही त्यांना चिडवायचो, "बाई, एकच काम दोनदा करता, तुम्हाला पगार डबल आहे वाटतं." त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "ॲपमध्ये जेवढं विचारलंय तेवढंच लिहिता येतं गो. लोक त्याच्याबाहेरचंच जास्त बोलतात."

त्या वर्षी अकरा घरांच्या एका वाडीत चौथ्या घरातली पाच वर्षांची मुलगी सुकत चालली होती. अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन वाढायचं सोडून उतरत होतं. पोट फुगलेलं आणि हातापायांच्या काड्या. वाडीचं म्हणणं एकच, फणस बाधला. आणि आईच्या माघारी दुसरं म्हणणं, पोरीकडे लक्ष नाही हिचं. माघारी म्हणजे काय, वाडीत माघारी बोललेलं संध्याकाळपर्यंत पुढ्यात येतंच.

बाईंनी मे महिन्यात त्या घरी विचारलं, "जुलाब होतात का तिला?" आई म्हणाली, "नाय." हगवण? नाय. ॲपमध्ये शून्य गेलं, अहवाल निरंक झाला. पण बाई उठल्या नाहीत. ओटीवर बसून राहिल्या. मग ती पोर परसातल्या संडासात गेली, आली, पुन्हा गेली. बाई म्हणाल्या, "अगं, ही तिसऱ्यांदा गेली."

"ते जुलाब नाय बाई. सगळी म्हणतात फणस बाधला."

"आणि तू काय म्हणतेस?"

आईने एकदा दाराबाहेर बघून घेतलं. मग म्हणाली, "तिनं फणस खाल्लाच नाय. तिला वासच सहन होत नाय फणसाचा. मी सांगतंय तर कोण ऐकत नाय."

एवढं ऐकलं मात्र, बाईंनी वहीत पेन्सिलीने एक उभी रेघ मारली आणि नवा रकाना पाडला. वर लिहिलं, ‘बाधलं’. त्या दिवसापासून त्या वाडीत जुलाब आहेत का हा प्रश्न त्यांनी नंतर विचारायला ठेवला. आधी विचारायच्या, "कुणाला काय बाधलंय का?" आणि लोक भडाभडा सांगायचे. बाधलेलं सांगायला कुणाला लाज नसते, उलट कौतुकच असतं त्याचं. कुणाला कापा फणस बाधला, कुणाला बरका, कुणाला लग्नातलं जेवण. मे संपला, जून गेला, पावसाने फणसाची चव गेली, खाणारं कुणी राहिलं नाही. जुलैत बाईंनी विचारलं तर उत्तर आलं, "हवा बाधली."

मग वही घेऊन त्या माझ्याकडे आल्या. दुपारचे दोन वाजलेले, मी जेवायच्या तयारीत. त्यांनी माझ्यासमोर एक डबी ठेवली आणि म्हणाल्या, "या पोरीचं शौच बघून दे. मला जंतासारखं काहीतरी वाटतंय, पण जंताची गोळी देऊन झाली आहे."

"कधीचं आहे?"

"सकाळी सहाचं."

"मग हे शिळं झालं. यात काय दिसणार मला, कपाळ?"

तरी पाहिलं. निरंक. मी जरा ठसक्यातच सांगितलं. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी दहालाच, वाडीतून रिक्षा करून. पुन्हा निरंक. मी म्हटलं, "बाई, झालं समाधान?" त्या म्हणाल्या, "तुमच्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, काही परजीवी रोज बाहेर पडत नाहीत, एक दिवसाआड तीन नमुने बघावेत म्हणून? दोन झाले."

खरं होतं. मी ते शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण रोजच्या धबडग्यात तीन नमुने कोण मागतो आणि कोण देतो? त्या निवृत्तीला आलेल्या बाईने मला माझंच पुस्तक वाचून दाखवलं आणि मला राग आला. आज लाज वाटते. तेव्हा राग आला.

तिसऱ्या नमुन्यात जिआर्डिया दिसला. आयोडीनच्या पिवळट थेंबात लांबट गोल पुट्या, म्हणजे कवचात मिटून बसलेले परजीवी, एक नाही, दोन नाही, जिकडे काच सरकवावी तिकडे. हा पाण्यावाटे पोटात जाणारा परजीवी. आतड्याला चिकटून बसतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. मोठी माणसं त्याला वागवून नेतात, लहान पोरं सुकतात. आधीच्या दोन कागदांवर ‘निरंक’ माझ्याच अक्षरात होतं. मी बाईंना फोन केला आणि म्हटलं, "सापडलं." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाय माझी." एकदाही ‘बघ, मी सांगत होते’ म्हणाल्या नाहीत. मी असते तर आठवडाभर म्हटलं असतं.

डॉक्टरांनी औषध दिलं. मुलीची आई औषधाची बाटली हातात धरून बाईंना म्हणाली, "आता परत नाय ना व्हायचा?" बाईंना सरळ हो म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "पाणी तेच राहिलं तर परत होईल. तोवर उकळूनच दे तिला. मी बघते पाण्याचं." त्या शब्दाला त्या बांधल्या गेल्या. परत झालं असतं तर ती पोर कितपत तगली असती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पाण्याचं बघायचं म्हणजे वहीच बघायची होती. आम्ही दोघी केंद्रात टेबलावर वही उघडून बसलो. ‘बाधलं’च्या रकान्यात वाडीची घरं वरपासून खालपर्यंत ओळीने होती, बाई चालायच्या तशीच. पहिली तीन घरं कोरी. चौथ्यापासून खाली जवळजवळ प्रत्येक घरात खूण, पुन्हा पुन्हा. मी बघतच राहिले. जिल्ह्याला गेलेल्या आकड्यांत ही वाडी शून्य होती. आणि इथे पेन्सिलीने आजार कुठून सुरू होतो ते घर दाखवलेलं होतं. मी ठरवून नकाशा काढायला बसले असते तरी इतका स्वच्छ निघाला नसता.

ॲपमध्ये वाडीचा पाण्याचा स्रोत ‘नळ’ होता. नळ म्हणजे ग्रामपंचायतीचा, क्लोरीन टाकलेला, असं आम्ही धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, "नळ कसला, सायफन आहे तो." आमच्याकडे डोंगरातल्या झऱ्याला पाइप जोडून उतारावरून पाणी घरापर्यंत आणतात, त्याला सायफन म्हणतात. पंप नाही, वीज नाही. शेवटाला तोटी असते म्हणून विचारलं की लोक सांगतात नळ. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं. फॉर्ममध्ये सायफनला खण नव्हता, एवढंच.

वाडीने लगेच डोंगरावरच्या बागेतल्या राखणदारांवर बोट दाखवलं, झऱ्यावर तेच असतात म्हणून. बाईंनी ते तिथल्या तिथे मोडून काढलं. "झरा घाण असता तर वरच्या तीन घरांनाही बाधलं असतं. ती माणसं तेच पाणी पितात ना?" 

ऑगस्टमध्ये पाऊस जरा उघडला तेव्हा आम्ही दोघी झऱ्यापासून पाइप धरून खाली उतरलो. शेवाळलेला जांभा, सारखे पाय घसरत होते. मी देवाचं नाव घेत होते आणि बाईंना शिव्या देत होते, मनातल्या मनात. त्या पुढे, छत्रीच्या टोकाने पाइपवरचं गवत बाजूला करत. तिसरं घर गेलं. चौथ्या घराच्या मागे पाइप एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधलेला होता. रानडुकराने कधीतरी तोडला होता, मुलीच्या बापाने जोडला होता. आणि जोडाच्या वरच्या अंगाला, फार तर आठ-दहा फुटांवर, त्याच घराच्या संडासाचा शोषखड्डा. जांभा वरून दगड दिसतो, आत भोकंच भोकं. सायफनच्या पाइपला फट असली की तो बाहेरचं ओढून घेतो. मला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. बाई मात्र खड्ड्याकडे बघत नुसत्या उभ्या होत्या. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे भानावर आल्या.

मुलीचा बाप गवंडी. वाडीत पाइप आणला तोच त्याने, तोवर बायका डोक्यावरून हंडे आणायच्या. आणि वाडीतला पहिला पक्का संडासही त्याचाच. या दोन गोष्टींचा त्याला अभिमान होता आणि असायलाच हवा होता. तो म्हणाला, "बाई, खड्ड्यातला पाइपात कसा जाईल? मी नाय मानत." तोंडी सांगून पटण्यासारखं नव्हतंच. बाई म्हणाल्या, "नको मानूस. बघूया."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना दोन दिवसांचं पाणी वरच्या घरांतून भरून ठेवायला लावलं, तोट्या कुणी वापरायच्या नाहीत असं बजावलं आणि कपड्यांना घालायच्या निळीच्या बाटल्या त्या संडासात ओतून वर बादल्यांनी पाणी सोडलं. त्याच्या पुढच्या सकाळी सगळी वाडी अकराव्या घराच्या अंगणात जमली. तोटीखाली पांढरी बादली ठेवली. बादली भरत आली आणि पाणी निळसर दिसायला लागलं. फार नाही, पण ते बघायला कुणाला चष्मा लागला नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. सगळे बापावर तुटून पडले. आमच्या पोरांना तुझा संडास पाजलास, इथपर्यंत गेलं. तो मान खाली घालून उभा. त्याची बायको पोरीला पोटाशी धरून मुसमुसत होती, कारण आता पोर सुकली ती फणसाने नाही, दुर्लक्षाने नाही, नवऱ्याच्या हातच्या कामाने, असं झालं होतं. 

बाई बादलीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्याला बोलू नका. खड्ड्याची जागा मी दाखवलेली आहे."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"संडास बांधा, संडास बांधा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. हा विचारायला आला, बाई, कुठे खणू? इतर सगळा कातळ, इथे माती मऊ लागली म्हणून मी म्हटलं, इथे खण. पाइप तेव्हाही इथूनच जात होता. मी बघितला होता. बंद पाइप, त्याला काय होतंय, असं मला वाटलं. मला कळायला हवं होतं, ते माझं काम आहे. त्याचं नव्हे." मग त्या मुलीच्या आईकडे वळल्या. "पोरी, तुझं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चूक माझी."

मी सरकारी नोकरीत बरीच वर्षं आहे. चूक वरच्यावर ढकलणं, खालच्यावर ढकलणं, पावसावर ढकलणं, सगळं पाहिलंय. चूक अशी पुढे होऊन उचलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी इतका राग आला की काय सांगू. परतताना मी वाटेतच सुरू झाले. "बाई, कुणाला आठवत नव्हतं. त्याने स्वतः सांगितलं नसतं. निवृत्तीला चार महिने राहिलेत, कशाला अंगावर घेतलंत?" त्या म्हणाल्या, "अगो, त्याला आठवत होतं. म्हणूनच तो मान खाली घालून उभा होता. मला सांभाळत होता तो."



अहवाल आम्ही दोघींनी मिळून लिहिला. कारणाच्या रकान्यात बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, शोषखड्ड्याची जागा आरोग्यसेविकेने चुकीची दाखवली. डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "ही राहू द्यायची?" बाई म्हणाल्या, "नाही तर दुसऱ्या वाडीतली सेविका हीच चूक करेल." ओळ राहिली. चौकशी वगैरे काही झाली नाही. उलट आमच्या भागातल्या सगळ्या सायफनच्या वाड्या पाइप धरून चालून बघायला सांगितलं आणि सर्वेक्षणाच्या कागदावर स्रोतांत सायफन हा खण हाताने जोडला गेला. ‘बाधलं’चा रकाना मात्र अधिकृत कुणी केला नाही. तो आता आमच्या पाचही सेविकांच्या वह्यांत पेन्सिलीने आहे.

पाइपाला नवा जोड बसला, वाट बदलली, खड्डा वापरणं बंद झालं. मुलीचे नमुने मी एक दिवसाआड तीन पाहिले, तिन्ही ताजे. एकेक काच दोनदा तपासली, याआधी कुठल्या नमुन्याची तपासली नव्हती. तिन्ही स्वच्छ निघाले. त्या तीन कागदांवर निरंक लिहिताना मला पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ कळला असं वाटलं. ऑक्टोबरात अंगणवाडीचा काटा वर सरकला आणि आईने तो मला दोनदा दाखवला.

त्याच सुमारास मी रक्ताचे नमुने आणायला उपकेंद्रावर गेले होते तेव्हा मुलीचा बाप आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाई, जुना खड्डा बुजवला. संडास नवीन बांधायचा हाय. जागा दाखवायला याल काय?"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "मला नको विचारूस बाबा. दुसऱ्या कुणाला तरी ने. मी एकदा बोट दाखवलं आणि तुझी पोरगी सुकली."

तो चपला काढून आत आला. मग म्हणाला, "दुसरा कुणी चुकला असता तर मला कळलापण नसता बाई. तुम्हीच चला."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग कपाटातून मोजपट्टी घेतली आणि आम्ही तिघं वाडीकडे निघालो. वाटेत त्या मला दोनदा म्हणाल्या, "तूही नीट बघ हां. मला परत चुकायचं नाही." आणि कुणाचं काही ऐकून न घेणारी मी, दोन्ही वेळा "हो बाई" म्हणाले आणि तिथे पोचल्यावर मोजपट्टीचं दुसरं टोक धरून, त्या सांगतील तिथे उभी राहिले.